वास आला पाहिजे

आमच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनी गेल्या श्रावणात घर सोडलं. सोडलं म्हणजे ह्यांनी त्यांना सोडायला लावलं. हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल, चिमट्यात एक गोळी आणि चेहऱ्यावर बॉम्बशोधक पथकाचा गंभीर भाव.

"ही आणली तेव्हा केवढी होती?"

"बोराएवढी."

"आता?"

"वाटाण्याएवढी."

"मग उरलेली गोळी गेली कुठे?"

मी भाबडेपणानं साड्यांकडे बोट दाखवलं.

"तुझ्या नाकात!" हे गरजले. "आणि माझ्याही!"

डांबराच्या गोळ्या म्हणजे पूर्वी नॅप्थलीन आणि हल्ली बऱ्याचदा पॅरा-डायक्लोरोबेंझीन. दोन्ही वितळायच्या भानगडीत न पडता थेट वाफ होऊन हवेत जातात, आणि बंद खोलीतली हवा शेवटी आपल्याकडेच येते. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या वाफेनं फुटू शकतात, हेही खरं. नातू नुकता रांगायला लागला होता आणि गणपतीला येणार होता. तेव्हा आजोबांचा मुद्दा अगदी रास्त होता. पुढे जे घडलं त्यात मुद्द्याचा काही दोष नाही.

गोळ्यांच्या जागी कडुनिंबाचा पाला आला. आमच्या आज्या ठेवायच्या तो चांगला कडकडीत वाळलेला असायचा. ह्यांनी सोसायटीतल्या झाडाचा सकाळी तोडून, नळाखाली धुऊन, ताजा ठेवला. दसऱ्याला मी शालू काढला तर काठावर पानांचे तपकिरी नकाशे उमटलेले. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते बारकाईनं पाहिलं.

"कसर लागलेली नाही ना? मग यशस्वी!"

आता ही व्यक्ती कोण, ते सांगते. हे निवृत्त झाले ते डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून. उभ्या नोकरीत ह्यांचं एक बनियन पांढरं राहिलं नाही. सोमवारी पिवळं, गुरुवारी जांभळं. कारखान्यात कुठल्या रंगाची ऑर्डर चालू आहे ते मला वाळत घालताना कळायचं. २०१४ साली आमच्या डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला, टीव्हीवाले कॅमेरे घेऊन धावले. तेव्हा हेच गृहस्थ गॅलरीत चहाचा घोट घेत म्हणाले होते, "चालायचंच. रंग आहे, उतरेल." निवृत्त झाल्यावर मात्र सगळा एमआयडीसी परिसर हातातून गेला आणि अखत्यारीत फक्त आमचा टू बीएचके उरला. मग सगळं लक्ष तिथेच.

पाल्यामागून भिंग आलं. कारण बाटल्यांच्या पाठीवरचा मजकूर मुंगीलाच वाचता येईल एवढ्या टायपात छापलेला असतो. मग रजिस्टर आलं, कारखान्यातल्या स्टोअरमध्ये असतं तसलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. रकाने: वस्तू, घटक, धोका, विल्हेवाट. पहिला दिवस शँपूच्या एका बाटलीवरच मावळला. ह्यांना सर्वांत जास्त संताप आला तो सुगंधाचा. बाकीच्या घटकांची नावं तरी लिहिलेली असतात. सुगंध मात्र एका शब्दात उरकलेला, त्याच्या पोटात पाच द्रव्यं आहेत की पन्नास, ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

"आमच्याकडेसुद्धा फॉर्म्युला साहेबांच्या तिजोरीत असायचा," हे म्हणाले, "पण निदान पिंपावर कवटी तरी काढलेली असायची!"

या तपासात हे स्वयंपाकघरापर्यंत पोचले.

"तुझ्या गोड्या मसाल्यात काय काय असतं?"

"ते मी तुमच्या आईंनाही सांगितलं नव्हतं."

ह्यांनी शांतपणे रजिस्टरमध्ये नोंद केली : 'घटक जाहीर करण्यास नकार.' आणि धोक्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

मान्य करायला हवं, की एका बाबतीत ह्यांनी आमचा जीव वाचवला असेल. आमच्या कामाच्या मावशी संडासात आधी ॲसिडचा क्लीनर ओतायच्या, आणि त्याचं काम चालू असतानाच वरून ब्लीचिंग पावडरची मूठ. "एकानं निम्मं जातं, दोन्हीनं समदं जातं," असं त्यांचं गणित. वर्षानुवर्षं त्या खोकत खोकत बाहेर यायच्या, आणि आम्हाला वाटायचं, मावशींना सर्दीच फार होते. हे निवृत्त होऊन सकाळी घरी दिसायला लागले तेव्हा पहिल्यांदा तो वास ह्यांच्या नाकात शिरला. हातातला पेपर टाकून हे ओला पंचा तोंडाला लावून धावले, मावशींना दंडाला धरून बाहेर काढलं, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"मावशी, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो! १९१५ साली पहिल्या महायुद्धात जर्मनांनी हाच वायू शत्रूवर सोडला होता. माणसं पटापट मेली!"

मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि विचार करून म्हणाल्या, "सायेब, पर त्यांचं संडास केवढं असंल!"

तरी तेव्हापासून दोन्ही डबे एकत्र येत नाहीत. एक बाथरूममध्ये असतो, दुसरा गॅलरीत, आणि मधे हे उभे असतात.

इथे हे थांबले असते तर हा लेख मी कौतुकानं लिहिला असता. पण एकदा युद्ध जिंकलेला माणूस घरी बसत नाही. बाजारातले बाकीचे सगळे क्लीनर रद्द झाले आणि त्यांच्या जागी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा आला. हे दोन्ही पदार्थ सिंकमध्ये एकत्र घालायचे आणि फसफसून वर येणाऱ्या फेसाकडे कंबरेवर हात ठेवून बघत राहायचे. "बघ, कसं काम करतंय!" हा दीपोत्सव रोज सकाळी. शेवटी बी.फार्म. झालेल्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर ते दृश्य पाहिलं.

"बाबा, एक आम्ल, एक अल्कली. एकमेकांना मारून टाकलंत. आता सिंकमध्ये राहिलंय ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर दोघांनी काहीतरी काम केलं असतं."

"अगं, पण फेस?"

"तो कार्बन डायऑक्साइड. सोडावॉटरमध्ये असतो तोच."

ज्यांनी आयुष्यभर रासायनिक अभिक्रियांवर घर चालवलं, त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्ञान कारखान्याच्या फाटकापाशी जमा करून घरी यायची सवय असते माणसाला. ह्यांनी सोडा बाजूला ठेवला आणि निव्वळ व्हिनेगर हातात घेतलं. आरसे लखलखीत झाले, नळांवरचे पांढरे डाग गेले. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ह्यांनी त्याच फडक्यानं देव्हारा पुसला. देव्हारा संगमरवरी. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं नि आम्लाचं हाडवैर. जिथे जिथे फडकं फिरलं तिथली चकाकी कायमची गेली. सासूबाईंनी मकराण्याहून आणवलेला देव्हारा. देवांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

मग आलं बायो-एन्झाइम. ज्यांच्या घरी गच्चीवरची बाग आहे त्यांना सांगायला नको. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने धीर. तीन महिन्यांनी त्याचं लादी पुसायचं, भांडी घासायचं, सगळं काही होतं असं म्हणतात. ह्यांनी कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याशी सख्य केलं आणि रोज संध्याकाळी पिशवीभर साली घरी यायला लागल्या. सोसायटीत बोलवा झाली, की आमची परिस्थिती बिघडली आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा डझनभर संत्री पाठवली, "सालीसकट खा हो," असा निरोप घालून.

या मिश्रणाच्या दोन अटी असतात. सुरुवातीचा महिनाभर झाकण रोज थोडं सैल करून आतला वायू सोडायचा, आणि भांडं काचेचं कधीच नाही. पहिली अट हे पाळत होते. दुसरी त्यांना पटली नव्हती, कारण प्लॅस्टिकचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. त्यात नाशिकला भाचीचं लग्न निघालं. आम्ही मंगलाष्टकं म्हणत असताना इकडे गॅलरीत बरणी फुटली. वॉचमन वर आला, कमिटीचे सेक्रेटरी आले, किल्ली शेजारी होती म्हणून दार उघडलं. आम्ही परतलो तेव्हा पंख्याच्या पात्यावर संत्र्याची सालं चिकटून वाळली होती आणि गुळाच्या वासावर अख्ख्या डोंबिवली पूर्वेच्या मुंग्या लोटल्या होत्या. मुंग्यांवर काय मारायचं, हा प्रश्न रजिस्टरमध्ये आजही मोकळा आहे. ह्यांनी तेवढ्यातूनही एक निष्कर्ष काढला: "वायू सुटला म्हणजे आंबवण चांगलं झालं होतं."

डासांचं प्रकरण मात्र गंभीर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आकडा ह्यांनी शोधून काढला: एक मच्छर कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी जळताना सुटतात. मी, जिनं जन्मात विडीचं थोटूक उचललं नाही, ती लग्नानंतर रोज रात्री पाकिटंच्या पाकिटं ओढत होते! कॉइल बाहेर. तिच्यामागून लिक्विडचं मशीनही बाहेर. आत आला कापूर, कडुनिंबाचं तेल, वाळलेल्या पाल्याची धुरी. संध्याकाळी घरात असा धूर व्हायचा, की दाराशी आलेल्या कुरिअरवाल्यानं विचारलं, "काकू, होम आहे का?"

"अहो, धूर तो धूरच ना? कॉइलचा काय नि पाल्याचा काय?"

"हा नैसर्गिक आहे."

"आणि हा कापूर?"

बाजारातला बहुतेक कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून करतात, हे मी त्यांनाच एकदा सांगताना ऐकलं होतं. ह्यांनी आरती संपेपर्यंत उत्तर दिलं नाही.

शेवटी माळ्यावरून मच्छरदाणी निघाली. बिनविषारी, बिनवासाची, वर्षानुवर्षं चालणारी. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत याहून शहाणा उपाय नाही. फक्त आमच्या फ्लॅटच्या बिल्डरनं ती धरली नव्हती. तिची एक दोरी खिडकीच्या गजाला, दुसरी पडद्याच्या दांडीला, तिसरी कपाटाच्या कडीला, आणि चौथीला जागाच मिळेना म्हणून बेडरूमच्या दाराच्या मुठीला. वयानुसार ह्यांना रात्री एकदा उठावं लागतं. पहिल्याच रात्री हे कडा खोचलेल्या तशाच ठेवून मोठ्या कौशल्यानं खालून सरपटत बाहेर पडले, अंधारात चाचपडत दारापर्यंत गेले आणि दार आत ओढलं. दोरी ढिली पडली, मच्छरदाणी माझ्या अंगावर आली. मी ओरडले. चोर आला समजून हे परत धावले आणि जाळीतच गुरफटले. दिवा लागला तेव्हा आम्ही दोघं भाऊच्या धक्क्यावरच्या बोंबलांसारखे एकाच जाळ्यात पडलो होतो, आणि आत आमच्याबरोबर चार डास सुखानं फिरत होते.

त्यातच घराची हवा शुद्ध करायला झाडं आणायचं ठरलं. नासानं १९८९ साली प्रयोग करून दाखवलंय, की काही घरगुती झाडं हवेतली बेंझीनसारखी द्रव्यं शोषतात. हे वाक्य प्रत्येक नर्सरीवाल्याला पाठ असतं. प्रयोग बंद पेटीत केले होते, ते मात्र त्याला पाठ नसतं. २०१९ साली संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला. साध्या घरात नुसती हवा येण्याजाण्यानं जे होतं, ते झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यातून निघालं. मी भाजीचा हिशेब लिहिते त्या वहीत गुणाकार केला. आमचा हॉल बारा बाय दहा, म्हणजे अकरा चौरस मीटर. म्हणजे अगदी कमीत कमी ११० कुंड्या.

"बसायचं कुठे?"

"सुरुवात तर करू," हे म्हणाले, आणि स्नेक प्लँटच्या सहा कुंड्या आल्या. कुंड्यांखाली बश्या आल्या, बश्यांत पाणी साठलं, पाण्यात डास झाले. डासांना काय करायचं, हे वर आलंच आहे.

नॉनस्टिक तव्याबद्दल थोडक्यात सांगते. तो साध्या आचेवर बरा असतो. रिकामा ठेवून गॅस मोठा केला आणि तापमान २६० अंशांच्या फार वर गेलं तर त्याच्या लेपातून घातक वाफा सुटतात. पिंजऱ्यातले पक्षी त्यानं मरतात. हे कळल्यावर ह्यांनी तवा टाकून द्यायच्या ऐवजी स्वयंपाकघरात लव्हबर्ड आणायची कल्पना मांडली. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत विषारी वायू ओळखायला कॅनरी ठेवायचे म्हणे. मी म्हटलं, "मेला पक्षी तर?" म्हणाले, "म्हणजे धिरडं खायचं नाही." मी त्याच दिवशी बिडाचा तवा आणला.

एव्हाना शेजारच्या वहिनींना आमच्या घरातल्या क्रांतीची खबर लागली होती. त्या एका साखळीवाल्या कंपनीचं सामान विकतात. "केमिकल-फ्री किट आहे भाऊजी, फक्त तुमच्यासाठी." किटमध्ये तपकिरी काचेच्या बाटल्या: फरशीची वेगळी, काचेची वेगळी, भाजी धुवायची वेगळी, आणि एक नुसती 'घरातल्या ऊर्जेसाठी'. पाच रुपयांच्या पेन्सिलीचं बिल मागणाऱ्या माणसानं घासाघीस न करता पैसे मोजले. आता परिस्थिती अशी, की पूर्वी आमच्याकडे सिंकखाली एक खण भरून बाटल्या होत्या, आणि घर रसायनमुक्त झाल्यापासून दोन कपाटं पुरत नाहीत. रजिस्टर मात्र फार समाधानानं भरत होतं.

एका शनिवारी मी भाजी आणायला स्टेशनजवळ गेले, तर वडापावच्या गाडीपाशी ओळखीची पाठ दिसली. हातात वर्तमानपत्राचा तुकडा, तुकड्यावर तेल गळणारा वडा, आणि तेलाबरोबर छापील मजकूर वड्यावर उतरलेला. खाद्यपदार्थ छापील कागदात बांधू नका, शाईतली द्रव्यं अन्नात उतरतात, असं एफएसएसएआयनं २०१६ पासून बजावून सांगितलंय. त्याची नोंद ह्यांच्याच रजिस्टरमध्ये, लाल शाईत. मी मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला. हे दचकले नाहीत. वड्याकडे बघत म्हणाले, "मराठी पेपर आहे."

नातवाच्या तपासणीला मुलीबरोबर मीही गेले होते, तेव्हा मनाचा हिय्या करून मी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, की बाळ येतं तेव्हा घरात नेमकं काय करावं. डॉक्टर म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवा, लादी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा म्हणजे धूळ उडत नाही, बाळाचे हात जेवणाआधी धुवा, वासाच्या वस्तू होतील तेवढ्या कमी करा, चपला बाहेर. घरी येऊन मी हे सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला.

"एवढंच? चपला तर आपण बाहेरच काढतो. औषध काही दिलं नाही? कुठल्या कंपनीचं फडकं ते सांगितलं का?"

खिडक्या उघडायच्या म्हटलं तरी डोंबिवलीत ते वेळ बघून करावं लागतं. रात्री दोनला वारा फिरतो आणि एमआयडीसीकडून येतो. त्या रात्री उघड्या खिडकीतून तो आला तेव्हा मी उठून काच लावायला गेले, तर हे आधीच खिडकीशी उभे. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि ओळखीचा माणूस भेटल्यासारखा चेहरा फुलला. "आमच्या मागच्या प्लॉटवाले! अजून सुधारले नाहीत लेकाचे."

या सगळ्यात मावशींची जी घुसमट झाली ती मी रोज बघत होते. दुसऱ्यांदा घातलेलं बायो-एन्झाइम (या खेपेला रीतसर प्लॅस्टिकच्या डब्यात) वेळेवर तयार झालं. त्यानं मावशी लादी पुसायच्या, आणि पुसून झाल्यावर दारात उभ्या राहून नाकानं हवा ओढायच्या. काहीच यायचं नाही. मग पुन्हा पुसायच्या.

"ताई, फेस न्हाई, वास न्हाई. कुनी आलं तर त्यास्नी कळनार कसं, की पुसलंय म्हनून?"

आता यावर काय बोलणार? माझंही मन तेच म्हणत होतं. पाहुणे चपला काढता काढता सगळ्यात आधी हुंगतात, हे काय मला माहीत नाही? फिनेलचा वास आला, की "वा, घर कसं छान ठेवलंय." नाही आला, की नजर कोपऱ्यांतल्या जळमटांकडे वळते. माझ्या नणंदेनं तर येऊन सरळ विचारलं, "कामाची बाई सोडून गेली का गं?"

साधारण तेव्हापासून आमच्या घराला पुन्हा मंद, ओळखीचा वास यायला लागला. एके सकाळी पाण्याची मोटर लागली नाही म्हणून मी गॅलरीतल्या टाकीमागे वाकले, तर तिथे खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत पांढरं फिनेल. मावशी मागेच उभ्या.

"चारच थेंब टाकते ताई, उंबऱ्यापाशी. सायबास्नी सांगू नका."

मी बाटली जिथे होती तिथेच ठेवली, फक्त झाकण घट्ट केलं आणि नातू येईल तेव्हा ती वरच्या फळीवर ठेवायची असं दोघींत ठरलं.

त्या दिवशी हे फिरून आले, दारातच थबकले, नाक वर करून दोनदा हवा घेतली आणि कृतार्थ चेहऱ्यानं माझ्याकडे वळले.

"आला की नाही वास? बायो-एन्झाइम मुरायला वेळ लागतो, मी सांगत होतो! फिनेलच्या तोंडात मारेल असा नैसर्गिक स्वच्छ वास!"

ही वार्ता संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत गेली. सेक्रेटरी स्वतः येऊन हुंगून गेले. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ह्यांचं प्रात्यक्षिक आहे: हॉलची अख्खी लादी बायो-एन्झाइमनं पुसून दाखवायची, सगळ्यांसमोर. चहा-वडे कमिटीकडून.

मावशींनी काल भांडी घासता घासता हळूच विचारलं, "ताई, हाल लई मोठा हाये. लिटरची बाटली आनू का?"